इंग्रजी उताऱ्याचे आकलन (स्पर्धा परीक्षा)

इंग्रजी उताऱ्याचे आकलन हा भारतातील अनेक स्पर्धा परीक्षांमध्ये विचारला जाणारा एक प्रश्नप्रकार आहे. यात उमेदवारास पूर्वी न वाचलेला इंग्रजी गद्य उतारा दिला जातो आणि त्यावर बहुधा बहुपर्यायी प्रश्न विचारले जातात. उत्तरे उताऱ्यातील मजकुराच्याच आधारे द्यावयाची असतात. उमेदवाराचे पाठांतर किंवा विषयाची पूर्वमाहिती येथे तपासली जात नाही. लेखकाने काय म्हटले आहे, काय सूचित केले आहे आणि काय म्हटलेले नाही, हे ओळखण्याची क्षमता तपासली जाते. शालेय मराठीच्या अभ्यासात ‘अपठित गद्य’ या नावाने परिचित असलेल्या प्रकाराशी याचे निकटचे नाते आहे.

परीक्षांमधील स्थान

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत दुसरा पेपर (सीसॅट) २०० गुणांचा असून त्यात दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे असतात. हा पेपर हिंदी व इंग्रजी या दोनच भाषांत छापला जातो, त्यामुळे मराठी माध्यमाच्या उमेदवारास त्यातील उतारे या दोहोंपैकी एका भाषेत वाचावे लागतात. मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाचे पेपर मराठीत लिहिता येतात, परंतु ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर सर्वांना अनिवार्य आहे. त्यात उताऱ्याचे आकलन, सारांशलेखन, भाषेचा वापर, शब्दसंपत्ती व निबंध यांचा समावेश असतो. या पेपराचे गुण अंतिम गुणवत्तेत धरले जात नाहीत, मात्र त्यात किमान २५ टक्के गुण न मिळाल्यास उमेदवाराचे अन्य पेपर विचारात घेतले जात नाहीत.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून अशाच स्वरूपाचा दुसरा पेपर सुरू केला. त्याच्या अभ्यासक्रमात दहावी-बारावीच्या पातळीवरील मराठी व इंग्रजी भाषेच्या आकलनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. या घटकातील मराठी उताऱ्याचे इंग्रजी किंवा इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर दिले जात नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धती २०२३ पासून लागू होणार होती. उमेदवारांच्या आंदोलनानंतर तिची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. या योजनेत मराठी व इंग्रजी हे प्रत्येकी ३०० गुणांचे अर्हताकारी पेपर आहेत.

बँकांतील भरतीसाठी आयबीपीएस या संस्थेकडून घेतल्या जाणाऱ्या प्रोबेशनरी अधिकारी पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांसाठी २० मिनिटे, म्हणजे प्रत्येक प्रश्नास सरासरी ४० सेकंद मिळतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीला २०० गुण असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांमध्येही इंग्रजी आकलनाचा भाग असतो.

२०११ ते २०१५ मधील वाद

नागरी सेवा पूर्वपरीक्षेत सीसॅटचा समावेश २०११ मध्ये झाला. त्या वेळी दुसऱ्या पेपरात दहावीच्या पातळीचे काही इंग्रजी उतारे असत व त्यांचे हिंदी भाषांतर दिले जात नसे. पेपराचे गुण पूर्वपरीक्षेच्या गुणवत्तेत धरले जात असल्यामुळे ही रचना इंग्रजी माध्यमाच्या उमेदवारांना अनुकूल असल्याचा आक्षेप घेण्यात आला. अन्य उताऱ्यांचे हिंदी भाषांतर क्लिष्ट असल्याचीही तक्रार होती. २०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीत मोठे आंदोलन झाले. त्यानंतर इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांचे गुण त्या वर्षी गुणवत्तेसाठी धरले जाणार नाहीत, असे केंद्र सरकारने जाहीर केले. २०१५ मध्ये दुसरा पेपर ३३ टक्के गुणांचा अर्हताकारी करण्यात आला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२२ मध्ये हाच मार्ग स्वीकारला.

पेपर अर्हताकारी झाल्याने त्याचे महत्त्व संपले, असा समज काही काळ रूढ होता. प्रत्यक्षात ३३ टक्क्यांची अट न गाठल्यास पहिल्या पेपरातील उत्तम गुणही निरुपयोगी ठरतात.

मराठी माध्यम आणि रत्नागिरीचे उदाहरण

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजीचे अध्यापन पाचवीपासून सुरू होत असे. २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. त्यामुळे आजचा उमेदवार शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. तरीही अपरिचित उतारा समोर आला की तो अडखळतो. या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणून रत्नागिरीकडे पाहता येते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठीचे राज्य शिक्षण मंडळाचे कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्यालय रत्नागिरीत आहे. तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालांत उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिला आहे. मात्र या प्रमाणात येथील तरुण प्रशासकीय सेवेत दिसत नाहीत, अशी खंत जिल्ह्यात वारंवार व्यक्त होते.

याची कारणे अनेक आहेत. मोठ्या शहरांतील मार्गदर्शन वर्गांपासूनचे अंतर आणि रोजगारासाठी मुंबईकडे जाण्याची जुनी परंपरा ही त्यांपैकी काही होत. आकलनापुरता विचार केल्यास परीक्षापद्धतीतील फरक महत्त्वाचा ठरतो. मंडळाच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत काही उतारे पाठ्यपुस्तकातील, तर काही अपठित असतात. उत्तर विद्यार्थ्याने स्वतः लिहावयाचे असते. उताऱ्यातील नेमके वाक्य शोधून उतरविले तरी बऱ्याच प्रश्नांचे गुण मिळतात. स्पर्धा परीक्षेत मात्र चारही पर्यायांत उताऱ्यातील शब्द पेरलेले असतात. शब्द जुळले म्हणून पर्याय निवडण्याची शाळेत लाभदायक ठरलेली सवय तेथे घातक ठरते.

भाषिक अडचणी

मराठीभाषक वाचकाच्या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा शब्दसंपत्तीच्या अभावात मानले जाते. परंतु दहावी-बारावीच्या पातळीवरील उताऱ्यात कठीण शब्द फार नसतात. दोन्ही भाषांच्या वाक्यरचनेतील फरक अधिक अडचणीचा ठरतो.

मराठीत क्रियापद व नकार सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात, तर इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते आणि त्यानंतर तपशील जोडला जातो. ‘द बोट्स व्हिच लेफ्ट मिरकरवाडा बिफोर डॉन रिटर्न्ड एम्प्टी’ या वाक्यात ‘लेफ्ट’ व ‘रिटर्न्ड’ अशी दोन क्रियापदे आहेत. मुख्य विधान ‘बोटी रिकाम्या परतल्या’ एवढेच आहे. ‘पहाटेपूर्वी मिरकरवाड्याहून गेलेल्या’ हे त्या बोटींचे विशेषण होय. शब्दामागून शब्दाचे भाषांतर करणारा वाचक या विशेषणाची मर्यादा विसरतो आणि सर्वच बोटी रिकाम्या परतल्या, असा अर्थ घेतो. प्रश्नकर्ता नेमका हाच पर्याय देतो.

मराठीत इंग्रजीप्रमाणे उपपदे नाहीत. त्यामुळे ‘अ फ्यू’ म्हणजे ‘थोडेसे’ आणि ‘फ्यू’ म्हणजे ‘जवळजवळ नाहीच’ हा फरक नजरेतून सुटतो. ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘सेल्डम’ या शब्दांत ‘नॉट’ नसतानाही नकार दडलेला असतो. ‘हाऊएव्हर’, ‘ऑल्दो’, ‘येट’ हे शब्द विचाराचे वळण दाखवितात. बहुधा लेखकाचे खरे मत ‘हाऊएव्हर’च्या नंतर येते.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचाही धोका असतो. ‘सॅंक्शन’ म्हणजे मंजुरी हे सर्वांस ठाऊक असते, पण आंतरराष्ट्रीय विषयावरील उताऱ्यात त्याचा अर्थ ‘निर्बंध’ असा असू शकतो. ‘ओव्हरसाइट’ हा शब्द ‘देखरेख’ आणि ‘अनवधानाने झालेली चूक’ अशा दोन्ही अर्थांनी येतो. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे, तसेच एखाद्या विधानाला मर्यादा घालणे. असे शब्द ओळखीचे वाटत असल्याने वाचक तेथे थांबत नाही.

प्रश्नांचे प्रकार

उताऱ्यावरील प्रश्नांचे स्थूलमानाने पाच प्रकार पडतात.

१. तथ्यात्मक प्रश्न: उत्तर उताऱ्यात स्पष्टपणे, परंतु अनेकदा वेगळ्या शब्दांत दिलेले असते.
२. मध्यवर्ती कल्पना: संपूर्ण उताऱ्याला व्यापणारे विधान निवडावयाचे असते. एकाच परिच्छेदापुरते खरे असलेले विधान येथे चुकीचे ठरते.
३. अनुमान: दिलेल्या विधानांवरून अपरिहार्यपणे निघणारा निष्कर्ष शोधावयाचा असतो.
४. गृहीतक: लेखकाने न सांगता मान्य केलेली गोष्ट शोधावयाची असते. ती नाकारून पाहावी. तसे करताच लेखकाचा युक्तिवाद कोसळत असेल, तर ते गृहीतक होय.
५. शब्दार्थ व सूर: विशिष्ट संदर्भातील शब्दाचा अर्थ किंवा लेखकाची भूमिका ओळखावयाची असते.

एक उदाहरण

पर्याय तपासण्याची रीत भाषेवर अवलंबून नसल्याने पुढील नमुना मराठीत दिला आहे.

उतारा: ‘कोकणातील हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्यास हे नाव वापरता येते. नोंदणीमुळे नावाला कायद्याचे संरक्षण लाभते. मात्र ग्राहक पेटी घेताना आंब्याचे मूळ स्थान विचारत नसेल, तर या संरक्षणाचा लाभ बागायतदारापर्यंत पोहोचणे अवघड आहे.’

प्रश्न: उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो?

(अ) रत्नागिरीचा हापूस इतर जिल्ह्यांतील हापूसपेक्षा सरस असतो.
(आ) नोंदणीमुळे बागायतदारांना अधिक भाव मिळू लागला.
(इ) केवळ कायद्याच्या संरक्षणाने बागायतदाराचा लाभ निश्चित होत नाही.
(ई) या पाच जिल्ह्यांबाहेर आंब्याचे उत्पादन होत नाही.

पर्याय (अ) रत्नागिरीतील वाचकास निर्विवाद वाटेल, पण उताऱ्यात अशी तुलना नाही. पर्याय (आ) नोंदणीच्या हेतूवरून संभाव्य वाटतो, तरी उतारा भावाविषयी काहीच सांगत नाही. पर्याय (ई) ‘नाव वापरण्याचा अधिकार’ आणि ‘उत्पादन’ यांची गल्लत करतो. योग्य उत्तर (इ) होय. त्यातील एकही ठळक शब्दसमूह उताऱ्यातील शेवटच्या वाक्यातून जसाच्या तसा उचललेला नाही, तरी त्या वाक्याचा आशय त्यात आहे. विषय जितका परिचित, तितका स्वतःच्या माहितीचा शिरकाव होण्याचा धोका अधिक, हे यावरून लक्षात येते.

तयारी

तयारीचा पहिला टप्पा नियमित वाचनाचा असतो. प्रारंभी परिचित विषयावरील इंग्रजी मजकूर निवडल्यास अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भावरून लावता येतो. मासेमारी, आंबा, कोकण रेल्वे, किनाऱ्याची धूप हे विषय रत्नागिरीतील विद्यार्थ्यास त्या दृष्टीने सोयीचे आहेत. पत्र सूचना कार्यालयाची अनेक निवेदने मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत उपलब्ध असतात. आधी इंग्रजी निवेदन वाचून त्याचा आशय दोन मराठी वाक्यांत लिहावा आणि नंतर मराठी निवेदनाशी ताडून पाहावा, ही रीत उपयुक्त ठरते. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची (एनसीईआरटी) नववी ते बारावीची पुस्तके व इंग्रजी दैनिकांतील संपादकीय लेख वाचता येतात.

यासाठी खर्चिक साधनांची गरज नसते. सार्वजनिक ग्रंथालये बहुतेक तालुक्यांत आहेत. १८२८ मध्ये स्थापन झालेले रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय हे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक होय.

दुसऱ्या टप्प्यात आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका सोडविल्या जातात. योग्य उत्तर कोणते, एवढे पाहून थांबणे पुरेसे नसते. उरलेले तीन पर्याय का नाकारले, याचे कारण एका ओळीत लिहिल्यास चुकांचे स्वरूप उघड होते: पर्याय उताऱ्याबाहेरचा होता, अतिव्याप्त होता, अर्धसत्य होता की उलट अर्थाचा होता. पंधरा-वीस उताऱ्यांनंतर कोणती चूक आपल्याकडून वारंवार होते, हे उमेदवारास स्वतःलाच दिसू लागते.

सराव करताना प्रथम शब्दकोश बाजूला ठेवून उतारा पूर्ण करावा, संदर्भावरून लावलेला अर्थ नोंदवावा आणि मग शब्दकोश पाहावा. वेळ लावून वाचण्याचा सराव आकलन स्थिर झाल्यानंतर सुरू करणे इष्ट असते.

गुणांचे गणित

दोन्ही आयोगांच्या दुसऱ्या पेपरात प्रश्नास अडीच गुण असून २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण आवश्यक असतात. चुकीच्या उत्तरासाठी संघ लोकसेवा आयोग प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोग एक चतुर्थांश गुण वजा करतो. समजा, राज्यसेवेच्या पेपरात एका उमेदवाराने ४० प्रश्न सोडविले. त्यांपैकी ३० बरोबर व १० चूक असल्यास ७५ मधून ६.२५ वजा जाऊन ६८.७५ गुण होतात आणि तो पात्र ठरतो. २८ बरोबर व १२ चूक असल्यास ७० मधून ७.५० वजा जाऊन ६२.५० गुण उरतात आणि तो अपात्र ठरतो. दोघांमधील अंतर केवळ दोन प्रश्नांचे, म्हणजे अनेकदा एकाच उताऱ्याचे असते.

म्हणून उताऱ्यांचा क्रम छापील क्रमानेच घेण्याचे बंधन नसते. विषय व वाक्यरचना सुबोध असलेले उतारे आधी सोडवून दुर्बोध उतारे शेवटी घेणे किंवा सोडून देणे, हाही परीक्षेतील आकलनाचा भाग मानला जातो. परीक्षांच्या योजना वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्येक वर्षीची मूळ जाहिरात वाचणे आवश्यक असते. त्या जाहिरातीचे काळजीपूर्वक वाचन हाच उमेदवाराच्या आकलनाचा पहिला सराव ठरतो.