वाइन : ढोसू नका, चाखा!

पुणे-नाशिक रस्त्यावर आमचे संगमनेर. दक्षिणेस नारायणगाव, तेथे 1980 च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फेसाळ वाइन केली. उत्तरेस नाशिक, तेथली ‘सुला’ 2000 साली बाजारात आली. तरी वाइन म्हटले की घरोघरी कपाळाला आठ्या!

ती दारू आहेच. शेकडा 12-13 भाग मद्यार्क असतो. मात्र ती भट्टीत गाळीत नाहीत. द्राक्षांचा रस आंबवून करतात. सालींसह आंबवला की तांबडी, सालींवाचून आंबवला की पांढरी.

वाचकहो, पेला दांडीला धरा, आधी वास घ्या, मग लहानसा घोट जिभेवर घोळवा. साली-बियांचा तुरटपणा, फळाचा आंबटपणा, उरल्या साखरेची गोडी निरनिराळी ओळखा. आवळ्या-चिंचांनी हे शब्द आपल्याला लहानपणीच शिकवले आहेत. चव कळली, की एक पेला पुरे होतो!