मागे बसणाऱ्याचं काय?

मोटारसायकलचा विषय निघाला की सगळे चालवणाऱ्याच्याच बाजूने बोलतात. पिकअप कसा आहे, ॲव्हरेज किती देते, टॉप स्पीड किती? जाहिरातीतला हिरोसुद्धा एकटाच घाटातून झुकत झुकत जातो आणि मागची सीट रिकामी असते. आपल्याकडे ती सीट रिकामी कधी असते हो? तिच्यावर आत्या असते, आजोबा असतात, गव्हाचं पोतं असतं. आणि लायसन्स मिळायचं वय होईपर्यंत तर तिथे हमखास तुम्ही असता. म्हणून आज गाडीकडे मागच्या सीटवरून बघू या.

पहिली तक्रार सगळ्यांचीच असते. स्पीडब्रेकर आला की चालवणाऱ्या मामाला नुसता हिसका बसतो आणि तुम्ही मात्र सीटवरून उडता. ‘मामा जड, मी हलका’ एवढं म्हणून गप्प बसू नका. दप्तरातली पट्टी काढा. तिचं एक टोक टेबलावर टेकलेलंच ठेवा, ते पुढचं चाक. दुसरं टोक म्हणजे मागचं चाक, ते ४ सेंटिमीटर वर उचला. पट्टीच्या मध्यावरची खूण किती वर गेली? फक्त २ सेंटिमीटर. आणि टोकाजवळची? जवळजवळ पूर्ण ४. मामा दोन्ही चाकांच्या मधोमध नाही, पण मधल्या भागात बसतो. तुम्ही बसता थेट मागच्या चाकाच्या डोक्यावर. म्हणजे मागचं चाक जितकं उडेल, जवळजवळ तितकेच तुम्हीही उडणार.

त्यात आणखी एक अन्याय आहे. मामाला स्पीडब्रेकर आधी दिसतो. तो फूटरेस्टवर जोर देऊन जरासा उठतो, गुडघे सैल सोडतो आणि अर्धा धक्का पायातच जिरवतो. तुम्हाला मात्र दिसते फक्त मामाची पाठ.

हा धक्का कमी कसा करायचा, या प्रश्नावर माणसांनी भरपूर डोकं चालवलंय. जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी तयार केली. तिचा सांगाडा लाकडाचा होता, चाकंही लाकडाची, वर लोखंडी पट्टी ठोकलेली. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी टेकू-चाकं होती. सीट थेट इंजिनाच्या वर होती आणि चालवताना ती पेटली होती असं सांगतात! त्या गाडीवर बसून फरसबंदी रस्त्याने गेलेल्या माणसाच्या मणक्यांचं काय झालं असेल?

मग तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेले रबरी टायर बसवले. खरं तर रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा कुणाला त्याची गरजच वाटली नाही. डनलॉपचं नशीब चांगलं, कारण त्याच्या काळात सायकली जोरात होत्या.

टायरमधली हवा बारीक खडी सोसते, पण मोठ्या खड्ड्यापुढे ती अपुरी पडते. तिथे स्प्रिंग लागते. मग नुसती स्प्रिंग लावली की झालं? नाही! स्प्रिंग दाबली की ती धक्का पोटात साठवते आणि सुटली की जशाचा तसा परत देते. एकाच खड्ड्यानंतर गाडी पुढच्या चौकापर्यंत उड्या मारत जाईल. साठलेला धक्का कुठेतरी खर्च झाला पाहिजे, आणि तो खर्च करायचं काम करतं तेल.

हे करून बघायचं असेल तर मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा आणि तिच्यात पाणी भरा. दट्ट्या सावकाश दाबा. पाणी सहज बाहेर येतं. आता जोरात दाबा. बोट दुखेल, पण दट्ट्या लवकर सरकणार नाही. छोट्या भोकातून द्रव घाईने जायला तयारच नसतो. आपण ज्याला ‘शॉकअप’ म्हणतो, त्याच्या आत हेच चालू असतं. चाक उसळलं की आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, धक्क्यातली ऊर्जा तेल तापवण्यात खर्च होते आणि स्प्रिंग निमूटपणे जागेवर येते. बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आर-१२ या गाडीच्या पुढच्या चाकाला असे तेल भरलेले, एकात एक सरकणारे दांडे लावले. आज गल्लीतल्या बहुतेक मोटारसायकलींना पुढे तसेच दिसतील. उभ्या गाडीची सीट दाबून सोडा. ती एकदाच वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा हिंदकळली तर मेकॅनिककाका सांगतील, ‘शॉकअप गेले.’

मग सरळ मऊ स्प्रिंग का नाही लावत? इथे डिझाइन करणाऱ्यांची खरी पंचाईत होते. चारचाकी गाडीचं वजन साधारण हजार किलो असतं. एक आजी चढली काय, उतरली काय, तिला पत्ता लागत नाही. पण १०० सीसीची मोटारसायकल असते साधारण ११० किलोची. तिच्यावर ६५-६५ किलोची दोन माणसं बसली की स्वारी गाडीपेक्षा जड! सकाळी एकटा मामा, संध्याकाळी मामा-मामी आणि मध्ये कलिंगड. तीच स्प्रिंग सगळ्यांना कशी पुरणार? एकट्यासाठी मऊ ठेवली तर डबलसीट बसल्यावर ती तळाला आपटते. दोघांसाठी कडक ठेवली तर एकट्याची हाडं खिळखिळी होतात.

यावर एक उपाय बहुतेक गाड्यांत आधीच दिलेला असतो. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगपाशी खाचा असलेली एक रिंग असते. ती पान्याने फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते. डबलसीट जायचं असेल तर ती एक-दोन खाचा वाढवायची आणि मागच्या टायरमध्ये हवाही जरा जास्त भरायची. दोन्ही गोष्टी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेल्या असतात. ती पुस्तिका कपाटात पडून राहते आणि रिंगवर गंज चढतो. काही महागड्या गाड्या मात्र वजन ओळखून आपलं आपण हे जुळवून घेतात.

आता थरथरीकडे येऊ. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर आतला दट्ट्या सेकंदाला १०० वेळा वर-खाली जातो. प्रत्येक टोकाला तो थांबतो आणि उलटा फिरतो, आणि त्याचा झटका सांगाड्याला बसतो. या झटक्याला उलट्या बाजूने उत्तर द्यायला इंजिनात एक वजनदार दांडा उलटा फिरवतात. त्याला बॅलन्सर शाफ्ट म्हणतात. रॉयल एनफिल्डच्या जुन्या बुलेटमध्ये तो नव्हता. त्याच कंपनीच्या, २०२० मध्ये आलेल्या मीटिअर या गाडीच्या ३५० सीसी इंजिनात तो आहे. ‘आता ती धडधडीची मजा गेली,’ असं म्हणणारेही आहेत. त्यांना एकदा मागच्या सीटवर बसवून पुण्याहून कोल्हापूरला न्यायला हवं!

पुढच्या वेळी आरशावर नजर ठेवा. एका ठरावीक वेगाला आरशातलं चित्र पार पुसट होतं आणि वेग आणखी वाढला की पुन्हा स्पष्ट दिसतं. प्रत्येक वस्तूची थरथरायची एक स्वतःची लय असते. इंजिनाची लय तिच्याशी जुळली की ती वस्तू जोरात थरथरते. याला अनुनाद म्हणतात. हँडलच्या दोन्ही टोकांना लोखंडी वजनं बसवतात, ती हँडलची लय बदलून टाकण्यासाठी.

एका बाबतीत मात्र आपल्या देशात मागे बसणाऱ्याचा विचार खास झालाय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमाप्रमाणे मोटारसायकलवर मागच्या माणसाला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. हाच आपला साडीगार्ड. तरीही हल्ली काही गाड्यांची मागची सीट इतकी उंच आणि तिरपी करतात की आजीला चढायला स्टूल लागेल. दिसायला झकास, बसायला शिक्षा! मला विचाराल तर अशी सीट काढणाऱ्या डिझायनरला महिनाभर तिच्यावरच बसवावं.

सगळ्यात जास्त विसरलं गेलंय ते मुलांना. २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना गाडीवर नेताना चालवणाऱ्याला बांधायचा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम आला. चार वर्षांपुढच्यांनाही हेल्मेट लागतंच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाचे पाय मागच्या फूटरेस्टपर्यंत पोहोचतच नाहीत! ते लोंबकळतात, आणि टाच चाकाच्या तारांत जाऊन मुलं जखमी होतात. फूटरेस्ट आहे, पण ती मोठ्यांच्या मापाची.

हे काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय. उभ्या गाडीवर, घरातल्या मोठ्या माणसाला धरायला सांगून, बसा. सीटपासून तुमच्या तळव्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, फूटरेस्टपर्यंतचं मोजा आणि दोन्हींतला फरक लिहा. मग खालीवर करता येईल अशी, घडी होणारी, तापलेल्या सायलेन्सरला न लागणारी आणि टाच चाकात जाऊ न देणारी फूटरेस्ट काढून दाखवा. ती कशाची करायची आणि साधारण किती रुपयांत होईल, हेही चित्राखाली लिहा. तुमचं चित्र मापांसकट आम्हाला नक्की पाठवा.