फोन फुटला, नंबर कुठे गेले?

आमचा फोन विहिरीवर दगडावर आपटला. पडदा काळा! लेकीचा नंबर त्यातच. पाठ कोणाला असतो हो आता?

मंडळी, फोन मेला म्हणून नंबर मेले असे नव्हे. ते सिमकार्डात असतील तर कार्ड काढून दुसऱ्या फोनात घाला, नावे दिसतील. गूगलच्या खात्यात असतील तर नव्या फोनात तोच ईमेल पत्ता व पासवर्ड घाला. नुसते फोनच्या पोटात असतील, तर मात्र दुरुस्तीवाल्याकडेच जावे लागते.

आणि कार्डच हरवले तर? कंपनी तोच नंबर नव्या कार्डावर देते, पण जुनी नावे त्यात नसतात. इथेच पुष्कळ जण फसतात.

लेकीचा नंबर आमच्या कार्डात निघाला. त्याच रात्री वहीत उतरवला.