पेनबेकर आणि मंडळी

म्युझिक व्हिडिओचा विषय निघाला की पुष्कळांची गाडी १९८१ पासून, म्हणजे एमटीव्हीपासून सुटते. ती निदान मे १९६५ पर्यंत मागे न्यायला हवी. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाच्या मागचा एक बोळ. चोविशीला टेकलेला बॉब डिलन हातात पुठ्ठ्याच्या पाट्यांची चळत घेऊन उभा आहे. त्याचंच ‘सबटरेनियन होमसिक ब्लूज’ वाजतंय आणि हा पठ्ठ्या गात नाही, ओठसुद्धा हलवत नाही. गाण्यातले निवडक शब्द लिहिलेली एकेक पाटी दाखवायची आणि खाली टाकून द्यायची, एवढंच त्याचं काम. मागे डाव्या हाताला दाढीवाले कवी ॲलन गिन्सबर्ग कोणाशी तरी गप्पा मारताहेत, जणू शूटिंगशी आपला काही संबंधच नाही. पाट्यांवरचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. गाण्यात नोटांचा एक आकडा येतो, पाटीवर भलताच. सव्वादोन मिनिटांत खेळ खलास, आणि मध्ये एकही कट नाही.

कल्पना डिलनची. पाट्या रंगवायला गायक डोनोव्हन आणि स्वतः गिन्सबर्गही बसले होते. कॅमेरा होता माहितीपटकार डी. ए. पेनबेकर यांच्या खांद्यावर. हाच प्रकार त्यांनी बागेत आणि हॉटेलच्या गच्चीवरही चित्रित केला, पण निवडला तो बोळातला. आज लग्नाच्या आमंत्रणापासून निवडणूक प्रचारापर्यंत पाट्या दाखवणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यांचं मूळ या बोळात आहे.

पेनबेकर मुळात मेकॅनिकल इंजिनियर, येल विद्यापीठाचे. चित्रपटाची सुरुवात केली तीही न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेवर पाच मिनिटांचा लघुपट करून, आणि त्याला संगीत लावलं ड्यूक एलिंग्टनचं. १९६० च्या सुमारास ते माहितीपट करणाऱ्या रॉबर्ट ड्र्यू यांच्या कंपूत शिरले. तिथे रिचर्ड लीकॉक, अल्बर्ट मेझल्स ही मंडळी होती. पुढे १९६३ मध्ये लीकॉक आणि पेनबेकर यांनी स्वतःची कंपनी काढली.

या कंपूपुढचा प्रश्न कलेचा नव्हता, यंत्राचा होता. तेव्हा आवाजासकट चित्रण करायचं तर कॅमेरा जडशीळ, तिकाटण्यावर बसवलेला, आणि टेपरेकॉर्डरला केबलने जखडलेला. केबल काढली की दोघांच्या मोटारी आपापल्या लयीत चालणार. चित्र पुढे, आवाज मागे. गायकाचा ‘सा’ लागायचा तेव्हा तोंड मिटलेलं. गाण्याच्या चित्रणात तर हे अक्षम्यच. आपल्या भाषेत सांगायचं तर तबलजी आणि गवई दोन वेगळ्या खोल्यांत बसवल्यासारखं.

उपाय सापडला मनगटी घड्याळात. बुलोव्हा कंपनीचं ॲक्युट्रॉन हे घड्याळ तेव्हा नवंच आलं होतं. त्यात तोलचक्राऐवजी सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा चिमुकला ट्यूनिंग फोर्क होता. ३६० ला ६ ने भागलं की येतात ६०, म्हणजे अमेरिकेतल्या विजेची नेमकी वारंवारता. कॅमेऱ्याला आणि टेपरेकॉर्डरला असा एकेक पहारेकरी बसवला की केबलशिवाय दोघं एका लयीत चालू लागतात. पुढे क्वार्ट्झ स्फटिकाने हे काम आणखी चोख केलं. पेनबेकर यांनी ऑरिकॉन जातीच्या कॅमेऱ्याची मोडतोड करून तो खांद्यावर बसेल असा केला. आता कॅमेरावाला उठून चालू शकत होता, गर्दीत घुसू शकत होता, आणि मुख्य म्हणजे कान उघडे ठेवू शकत होता. माझ्या मते या मंडळींचं मोठेपण इथेच आहे. त्यांचे कॅमेरे गाणं ऐकून हलतात.

बोळातल्या त्या दृश्याने सुरू होणारा, डिलनच्या इंग्लंड दौऱ्यावरचा ‘डोन्ट लुक बॅक’ हा माहितीपट तयार झाला, पण वितरक काही मिळेना. अखेर मे १९६७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत लागला, तोही एरवी ‘तसले’ सिनेमे दाखवणाऱ्या थिएटरात. महिन्याभराने हीच मंडळी कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या जत्रेच्या मैदानावर कॅमेरे घेऊन हजर होती. १६ ते १८ जून १९६७, मॉन्टेरी इंटरनॅशनल पॉप फेस्टिव्हल. लीकॉक, मेझल्स, पेनबेकर आणि आणखी काही जण, सगळ्यांकडे १६ मिलिमीटरचे कॅमेरे. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, त्यामुळे कोणतं गाणं घ्यायचं आणि कोणतं सोडायचं हे जागच्या जागी ठरवायचं. जॅनिस जॉप्लिन शनिवारी गायली तेव्हा तिच्या बँडच्या मॅनेजरने कॅमेरे बंद ठेवायला लावले. ती इतकी जबरदस्त गायली की चित्रणासाठी रविवारी तिला पुन्हा उभं करावं लागलं. या चित्रणातून झालेल्या ‘मॉन्टेरी पॉप’ या चित्रपटात दिसते ती ही दुसऱ्या दिवशीची जॅनिस.

गायक ओटिस रेडिंगच्या वेळी पेनबेकर यांचा कॅमेरा त्याच्या पाठीमागे आहे. समोरचा प्रखर झोत सरळ लेन्समध्ये घुसतो. ओटिसचं डोकं मध्ये आलं की अंधार, बाजूला झालं की पडदा पांढराफटक. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही चूकच ठरेल. पण गाण्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर उजेड असा आत-बाहेर होतो की दुसरा कोणताही कोन नकोसा वाटतो. सहाच महिन्यांत ओटिस विमान अपघातात गेला.

चित्रणाचे पैसे एबीसी या टीव्ही नेटवर्कने घातले होते. जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवल्याचं फुटेज पाहिल्यावर त्यांनी हात झटकले, आणि त्यामुळेच ‘मॉन्टेरी पॉप’ थिएटरात आला. ते जळणं याच महोत्सवात सतार वाजवणाऱ्या पंडित रविशंकरांनाही रुचलं नव्हतं. खंडेनवमीला वाद्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्याकडे त्याचं कारण कोणाला समजावून सांगायला नको.

आणि चित्रपटाचा शेवट? हेंड्रिक्स नाही, जॅनिस नाही. तासाभराच्या रॉकनंतर शेवटची अठराएक मिनिटं रविशंकरांची सतार, उस्ताद अल्लारखांचा तबला आणि कमला चक्रवर्तींचा तानपुरा. सतार ऐकू येते, पण बराच वेळ वादक दिसतच नाहीत. दिसतात ती मैदानावरची माणसं: पेंगणारी, फुलं माळलेली, खाणारी, आणि त्यांत गुपचूप ऐकत बसलेला हेंड्रिक्स. मग कधी तरी बोटं दिसतात, तबल्याशी सवाल-जवाब रंगतो, कॅमेरा दोघांच्या नजरानजरेत अडकून पडतो आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात पडद्यावर मधूनच मांडीवर ताल धरणारे आजोबा दिसतात तेव्हा टाळ्या पडतात ना, ती नजर इथे भरपूर वेळ देऊन वापरली आहे. बाकी सगळे कलाकार फुकट गायले-वाजवले. मानधन घेतलं ते एकट्या रविशंकरांनी, तीन हजार डॉलर.

पेनबेकर यांच्या पुढच्या चित्रपटांची यादी लांब आहे. १९७३ मध्ये डेव्हिड बोवीचा लंडनमधला ‘झिगी स्टारडस्ट’चा निरोपाचा कार्यक्रम, मग पत्नी क्रिस हेगेडस यांच्याबरोबर डेपेश मोड या बँडवरचा ‘१०१’, आणि बिल क्लिंटन यांच्या प्रचारावरचा ‘द वॉर रूम’. २०१२ मध्ये पेनबेकर यांना मानद ऑस्कर मिळालं. २०१९ मध्ये ९४ व्या वर्षी ते गेले.

आजच्या महोत्सवांच्या चित्रीकरणात ड्रोन असतो, क्रेन असते, दर दोन सेकंदांना कट असतो आणि ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र पुरते पाच सेकंद दिसत नाही. ‘मॉन्टेरी पॉप’ पाहायचा असेल तर मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहू नका. हेंड्रिक्सची क्लिप तर सगळ्यांनीच पाहिलेली असते. ती शेवटची अठरा मिनिटं मोठ्या पडद्यावर, बऱ्या स्पीकरवर, सलग पाहा, आणि घरात कोणी तबला शिकत असेल तर त्यालाही शेजारी बसवा.