पुढील अंकी चालू…

आमच्या घरी मासिक आले की त्यातील कादंबरी आधी आजीला वाचून दाखवावी लागे. तिला अक्षरओळख बेताची, वाचणारा मी. एकदा हप्ता असा संपला : पहाटेची वेळ, चुलीवर दूध तापत ठेवलेले, आणि नायिका बोचके घेऊन उंबरठ्याशी उभी. खाली कंसात ‘क्रमशः’! त्या पावसाळ्यात टपाल अडले. पुढचा अंक काही येईना. आजी रोज विचारी, “गेली का रे ती?” शेवटी तिनेच निकाल देऊन टाकला, “दूध उतरवून ठेवल्याशिवाय ती जायची नाही.”

वाचकाला असे अधांतरी ठेवण्याच्या युक्तीला इंग्रजीत ‘क्लिफहँगर’ म्हणतात. म्हणजे कड्यावर लोंबकळणे. शब्द विसाव्या शतकातला. पण थॉमस हार्डीने त्याआधीच आपल्या एका पात्राला खरोखर कड्यावर लटकावले होते. १८७२-७३ मध्ये त्याची ‘अ पेअर ऑफ ब्लू आईज’ ही कादंबरी लंडनच्या एका मासिकातून क्रमशः येत होती. तीत हेन्री नाइट समुद्रावरच्या कड्यावरून घसरतो आणि हातांच्या आधाराने लोंबकळत राहतो. सोबतची एल्फ्रिड दिसेनाशी होते.

आता पडणार की वाचणार? एवढाच प्रश्न असता, तर उत्तर कळताच आपण ते विसरून गेलो असतो. पण हार्डी नाइटच्या डोळ्यांसमोर खडकात रुतलेला एक जीवाश्म ठेवतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला तो क्षुद्र जीव आणि आज मरणाच्या दारी उभा असलेला हा विद्वान माणूस! दोघे समोरासमोर. एल्फ्रिड परतते ती आपल्याच अंगावरच्या आतल्या वस्त्रांच्या पट्ट्या फाडून, त्यांचा दोर वळण्यासाठी. कडा विसरला तरी ही दोन माणसे विसरत नाहीत.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. यमूच्या कथेत ना कडा, ना समुद्र. मराठी घराच्या चार भिंतींतच तिचा जीव टांगलेला. अशा कथेचा हप्ता संपला म्हणजे ‘पुढे काय होणार’ यापेक्षा ‘हिचे कसे होणार’ हाच घोर लागतो. पहिला प्रश्न घटनेचा, दुसरा माणसाचा. पहिल्याने अंक खपतो. दुसऱ्याने कादंबरी टिकते.

आणि मधले ते रिकामे दिवस? ते लेखकाचे नसतात, वाचकाचे असतात. त्या दिवसांत आपण पात्राची बाजू घेतो, त्याच्या वतीने भांडतो, मनातल्या मनात पुढचे प्रकरण लिहून काढतो. म्हणूनच लेखकाची जबाबदारी वाढते. आठवडाभर जीव टांगणीला लावायचा आणि पुढे ‘ते सारे स्वप्न होते’ म्हणून मोकळे व्हायचे, ही शुद्ध फसवणूक झाली.

आमचा अंक अखेर आला. नायिका निघून गेली होती; दुधाचा उल्लेखसुद्धा नव्हता. आजीने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “लिहिणाऱ्याने कधी चूल पाहिलेली दिसत नाही.”

तरी पुढच्या महिन्यात टपालवाल्याची वाट पाहत ती ओटीवर बसलेली होतीच.