सील गेलें कीं घालविलें ?

छोट्या मालवाहू गाडीच्या मागच्या चाकाच्या आंतल्या अंगास तेलाचा काळसर ओघळ दिसूं लागला म्हणजे मिस्त्री दोन शब्दांत निदान सांगून मोकळा होतो : "सील गेलें." निदान बहुधा खरेंच असतें. परंतु नवें घातलेलें सील चार महिन्यांत पुन्हां गेलें, आणि त्याच्या मागोमाग तिसरेंही गेलें, तर तें आपण होऊन गेलें कीं दुसऱ्या कोणीं घालविलें, हें शोधणें प्राप्त होतें. श्रोतेहो, आज त्या शोधाविषयीं बोलावयाचें आहे.

येथें फळा नाहीं कीं खडू नाहीं. तेव्हां पिकअप गाडीचें मागचें अंग आपण मनापुढेंच आणावें. दोन चाकांच्या मध्यें एक आडवी पोलादी नळी, आणि तिच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगवटा. त्या फुगवट्यांत डिफरन्शियलचीं दांतेरी चक्रें जाड गिअर ऑइलमध्यें फिरत असतात. तेथून दोहों बाजूंस एकेक पोलादी दांडा, म्हणजे ॲक्सल, चाकापर्यंत जातो. नळीच्या तोंडाशीं त्यास बेअरिंगचा आधार असतो, आणि तेथेंच तेल अडविणारें सील. अवजड ट्रकांची रचना निराळी असते. पण बऱ्याच हलक्या पिकअप गाड्यांत ती अशी असते.

सील म्हणजे एक रबरी ओठ. पूर्वीं तो चामड्याचा असे. बारीक स्प्रिंगचें एक कडें त्यास दांड्यावर हलकेंच दाबून धरतें. दांडा फिरतो, ओठ स्थिर असतो, आणि दोहोंच्या मध्यें तेलाचा अतिसूक्ष्म पापुद्रा राहून ओठाचें रक्षण करतो. यावरून ध्यानांत येईल कीं, दांडा गुळगुळीत असावा, तो डगमगूं नये, आणि आंतून फाजील दाब येऊं नये, एवढ्या अटी पाळल्या तरच बिचाऱ्या ओठाचा निभाव लागतो.

हें तेल नुसतें जमिनीवर ठिबकत असतें तर दुर्लक्षही चाललें असतें. तें ब्रेकच्या ड्रममध्यें शिरतें व लायनर भिजवितें. मग ब्रेक दाबला कीं तें चाक धरत नाहीं. माझ्या भाच्याची पिकअप जुन्नर भागांतील भाजीपाला घेऊन माळशेज घाटानें कल्याणकडे उतरते. भरल्या गाडीनें अशा उतारावर एका चाकाचा ब्रेक निकामी असणें म्हणजे काय, हें वर्णन करून सांगावयास नको.

त्याच्या डाव्या चाकाशीं वर्षभरांत तीन सीलें झालीं होतीं. प्रथम तें तेल कोणतें, हेंच पाहिलें. कारण ब्रेकचें द्रवही त्याच ठिकाणीं गळूं शकतें. तें पातळ असतें, व त्याच्या टाकींतील पातळी उतरते. येथें मात्र बोटाला जाड, गंधकासारख्या उग्र वासाचें गिअर ऑइल लागलें.

नंतर ब्रीदर पाहिला. नळीच्या माथ्यावरचें हें लहानसें श्वासछिद्र चिखलानें बुजतें, आणि आंतली तापलेली हवा कोंडली जाते. मॅट्रिकच्या वर्गांतलें गणित येथें उपयोगीं पडतें : 27 अंशांवरची हवा 87 अंशांपर्यंत तापली, म्हणजे निरपेक्ष मानानें 300 ची 360 झाली, कोंडलेल्या हवेचा दाब एकपंचमांशानें वाढला. तो दाब तेलाला ओठाखालून बाहेर ढकलतो. उलट, तापलेली नळी ओढ्याच्या पाण्यांत बुडून एकदम थंड झाली, तर तोच ओठ बाहेरचें पाणी आंत घेतो, व तेल ताकासारखें पांढरट होतें.

ब्रीदर बुजलेलाच निघाला. भाच्याला वाटलें, चोर सांपडला. मला तसें वाटेना. कोंडलेली हवा डावें-उजवें पाहत नाहीं. मग उजवें चाक ठणठणीत कोरडें कां? रस्ता मध्यें उंच असतो, आपण डाव्या कडेनें चालतों, म्हणून तेल किंचित् डावीकडे कलतें हें खरें. पण तेवढ्यानें तीन सीलें जात नाहींत.

गाडी जॅकवर उचलून, खालीं भक्कम आधार देऊन, चाक वरखालीं हलविलें, तों तें खुटखुट वाजलें. बेअरिंग झिजलें होतें. दांडा बाहेर काढला, तर ओठ टेकतो तेथें चकचकीत वळ पडलेला. नख फिरविलें कीं अडकावें असा. रबरानें पोलाद झिजावें याचें नवल नको. सुंभाच्या दोरानें विहिरीच्या कांठचा दगड झिजतोच. येथें ओठांत रुतलेली धूळ तेंच काम करते. प्रत्येक नवें सील त्याच जुन्या चरींत, त्याच डगमगत्या दांड्यावर बसविलें जात होतें.

बेअरिंग नवें घातलें, आणि दांड्यावर चर झांकणारी पातळ पोलादी बाही चढविली. जेथें बेअरिंगचे रूळ प्रत्यक्ष दांड्यावरच फिरतात व तेथेंही झीज झालेली असते, तेथें दांडाच बदलावा लागतो. सील बसवितांना ओठ तेलाकडे असावा, त्यास थोडें तेल लावावें, तें चहूंकडून सारखें दाबावें, आणि दांडा आंत सारतांना त्याच्या टोकाचे दांते ओठावरून घासूं देऊं नयेत. नाहीं तर नवें सील पहिल्याच दिवशीं चिरतें. तेलानें भिजलेले लायनर धुऊन पुन्हां वापरण्याची काटकसर कोणीं करूं नये. ते दोन्हीं चाकांचे मिळून बदलावे, आणि घाटांत जाण्यापूर्वीं सपाट, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक चार वेळां दाबून पाहावा.