हिवाळ्यातले रेसकोर्स : अडथळ्यांच्या शर्यतीला गटाने जाताना

अडथळ्यांवरून उड्या घेत धावणाऱ्या घोड्यांच्या शर्यती हा ब्रिटन आणि आयर्लंडमधला हिवाळ्याचा खेळ आहे. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होणाऱ्या शर्यती सपाट मैदानावरच्या असतात. तिथे कस लागतो तो वेगाचा. अडथळ्यांच्या शर्यतीत अंतर किमान दोन मैलांचे, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास असते आणि वाटेत आठ-दहापासून थेट तीसपर्यंत उड्या येतात. घोड्याचा दम, त्याची उडी आणि जॉकीचा अंदाज या तिन्हींची त्यात परीक्षा होते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला आलेले आईवडील, कचेरीतले सहकारी अशा पंधरा-वीस जणांच्या गटाला हा दिवस फार चांगला जमतो. मात्र खेळ अनोळखी असल्यामुळे थोडी पूर्वतयारी लागते.

या खेळाचा उगम आयर्लंडमधला मानला जातो. १७५२ साली कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओकॅलघन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटिव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत शेते, बांध आणि ओढे ओलांडत घोडे पळवण्याची पैज लावली, असे सांगतात. दुरून दिसणारे चर्चचे मनोरे हीच त्यांच्या वाटेची खूण होती. पुढे असे अडथळे आखीव मैदानावर उभारले गेले. शर्यती वर्षभर कुठे ना कुठे चालू असल्या, तरी खरा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल हा. पावसाने मऊ झालेली जमीन उडीनंतर खाली येणाऱ्या घोड्याच्या पायांना सोसते.

शर्यतींचे प्रकार

एका दिवसात साधारण सहा-सात शर्यती होतात आणि दोन शर्यतींमध्ये अर्ध्या तासाच्या आसपास वेळ असतो. हर्डल शर्यतीतले अडथळे किमान साडेतीन फूट उंच, हलके आणि काटक्या बसवलेल्या चौकटींचे असतात. घोड्याचा पाय लागला तर ते पुढे कलतात. चेस शर्यतीतला अडथळा किमान साडेचार फुटांचा, बर्चच्या काटक्या ठासून भरलेला आणि जागचा न हलणारा असतो. काही अडथळ्यांच्या पुढ्यात चर खणलेला असतो, तर काही मैदानांवर पाण्यावरूनही उडी घ्यावी लागते. तिसरा प्रकार बंपर. त्यात अडथळेच नसतात. पुढे उड्या मारायला शिकणाऱ्या तरुण घोड्यांना शर्यतीची सवय व्हावी म्हणून ती ठेवलेली असते आणि बहुधा ती दिवसाची शेवटची शर्यत असते. सपाट शर्यतीसारखे लोखंडी गेट इथे सुरुवातीला नसते. घोडे घोळक्याने चालत येतात आणि आडवी फीत वर जाताच सुटतात.

या खेळातल्या घोड्यांचे वयही वेगळे असते. सपाट शर्यतीतला घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नाव कमावतो आणि चांगला निघाला तर लवकरच पैदाशीसाठी जातो. उडीचे घोडे बहुतेक खच्ची केलेले नर असतात आणि आठव्या-नवव्या वर्षी ऐन भरात येतात. त्यामुळे एकच घोडा अनेक हिवाळे लोकांसमोर धावतो आणि लोकांचा त्याच्यावर जीव जडतो. रेड रमने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीन वेळा ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यत जिंकली. कौटो स्टारने केम्प्टन मैदानावरची किंग जॉर्ज चेस पाच वेळा जिंकली. अशा घोड्यांची नावे तिथल्या घराघरांत माहीत असतात.

दिवस आणि मैदान निवडताना

वर्षातले दोन सोहळे सर्वांत मोठे. मार्चमध्ये चेल्टनहॅमचा चार दिवसांचा महोत्सव भरतो आणि शुक्रवारी गोल्ड कप होतो. त्यात सव्वातीन मैलांहून थोडे अधिक अंतर, २२ अडथळे आणि शेवटी दमवणारा चढ असतो. एप्रिलमध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला ग्रँड नॅशनल होते. सव्वाचार मैलांहून अधिक अंतर आणि ३० उड्यांची ही शर्यत १८३९ पासूनची मानली जाते. त्या वर्षी लॉटरी नावाचा घोडा जिंकला आणि कॅप्टन मार्टिन बीचर ज्या ओढ्यात पडले, त्या जागेला आजही बीचर्स ब्रुक म्हणतात. २०२१ मध्ये मिनेला टाइम्सवर स्वार झालेल्या रेचल ब्लॅकमोर ही शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला जॉकी ठरल्या.

नवख्या गटाने मात्र पहिल्या खेपेला या सोहळ्यांच्या वाटेला जाऊ नये. तिकिटे महाग, गर्दी प्रचंड, आणि घोडे जवळून पाहणेही अवघड होते. त्याऐवजी आडवारी किंवा साध्या शनिवारी एखादे लहान मैदान निवडावे. ससेक्समधले प्लम्प्टन, श्रॉपशरमधले लडलो, सॉमरसेटमधले विनकँटन, लिंकनशरमधले मार्केट रेझन या मैदानांवर पॅडॉकपासून, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेपासून, कठड्यापर्यंत दोन मिनिटांत पोचता येते आणि गटातले कोणी हरवत नाही. मुले बरोबर असतील तर लेक डिस्ट्रिक्टच्या दक्षिणेला असलेले कार्टमेल उत्तम. तिथल्या शर्यती मेअखेर ते ऑगस्ट अशा उन्हाळ्यात होतात आणि मैदानाच्या मधोमध पाळण्यांची जत्रा भरते. लंडनजवळचे मोठे मैदान हवे असेल तर सँडाऊन घ्यावे. तिथे रेल्वेमार्गाला लागून एकापाठोपाठ एक असे तीन अडथळे आहेत. पहिल्यावर चुकलेल्या घोड्याला दुसऱ्यापर्यंत सावरायला उसंतच मिळत नाही, म्हणून शर्यतीचा रंग तिथेच पालटतो.

तिकिटे, प्रवास आणि कपडे

मैदानाचे विभाग पाडलेले असतात. सर्वांत वरचा विभाग सभासदांचा किंवा प्रीमियर; त्याच्या खालचा नेहमीचा, जिथून पॅडॉक, बुकी आणि शेवटचा टप्पा सगळे दिसते. काही ठिकाणी त्याहून स्वस्त तिसरा विभाग असतो. नवख्या गटाला मधला विभाग पुरेसा आहे. फक्त त्यातून पॅडॉकपर्यंत जाता येते का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. दहा-बारा जणांहून मोठ्या गटाला अनेक मैदाने सवलत देतात आणि अठरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर बहुतेक ठिकाणी मोफत सोडतात. सगळ्यांची तिकिटे एकाच विभागाची असावीत, नाहीतर दिवस एकमेकांना शोधण्यात जातो.

पैसे लावणारे आणि मद्य घेणारे गटात असतील, तर रेल्वेने जाणेच सोयीचे. केम्प्टन पार्क, न्यूबरी रेसकोर्स, एन्ट्री आणि प्लम्प्टन ही स्टेशने मैदानाला लागूनच आहेत. सँडाऊनला एशर स्टेशनवरून चालत जाता येते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, केम्प्टनची किंग जॉर्ज चेस पाहण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्या दिवशी ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वेगाड्या बंद असतात, म्हणून बस ठरवावी लागते.

कपड्यांचे बंधन फारसे नसते. गरम कपड्यांचे दोन-तीन थर, पाणी न शिरणारे बूट आणि कानटोपी हीच खरी गरज. उघड्या मैदानावरचा वारा अंगात शिरतो, म्हणून भारतातून आलेल्या ज्येष्ठांसाठी छताखालची बसायची जागा आधी राखून ठेवावी. घरचा डबा आत नेता येतो का, याचे नियम मैदानागणिक बदलतात. काचेच्या बाटल्या बहुधा चालत नाहीत.

हिवाळ्यात दहिवरामुळे किंवा पाणी साचल्यामुळे शर्यती रद्द होतात. त्या दिवशी सकाळी मैदानाची पाहणी होते आणि निर्णय लगेच जाहीर केला जातो. निघण्यापूर्वी तो पाहणे आणि रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याचे नियम वाचणे ही गटप्रमुखाची कामे.

रेसकार्ड वाचणे

प्रत्येक शर्यतीतल्या घोड्यांची माहिती रेसकार्डवर असते: क्रमांक, नाव, जॉकीच्या सदऱ्याचे रंग, वय, वजन, ट्रेनर आणि जॉकी. वजन स्टोन आणि पौंडांत देतात; ११-७ म्हणजे ११ स्टोन ७ पौंड, साधारण ७३ किलो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सर्वांना बरोबरीची संधी दिली जाते.

नावाशेजारची अक्षरे आणि आकडे म्हणजे घोड्याची मागची कामगिरी. '३१एफ-२पी१' अशी ओळ असेल, तर सर्वांत उजवीकडचा आकडा ताज्या शर्यतीचा. हा घोडा गेल्या खेपेला पहिला आला. त्याआधी जॉकीने त्याला अर्ध्यावर थांबवले, त्याची खूण पी. त्याच्या आधी दुसरा आला. आडव्या रेघेच्या डावीकडे मागचा मोसम आहे आणि एफ म्हणजे घोडा पडला. जॉकी एकटाच खाली आला असेल तर यू लिहितात. जमीन किती मऊ आहे, हेही पाहावे. चिखलात खुलणारा घोडा टणक जमिनीवर मागे पडतो, आणि उलटही घडते.

पॅडॉकमध्ये

शर्यतीआधी वीसेक मिनिटे घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात. गटाने पहिल्या दोन-तीन शर्यतींना तरी इथे उभे राहावे, कारण सगळ्या दिवसात घोडे इतक्या जवळून दुसरीकडे दिसत नाहीत. थंडीत नाकपुड्यांतून वाफ निघते, मागच्या पुठ्ठ्यावर कातडी तकतकते, मोतद्दार लगाम सैल धरून चालतो. कान टवकारून, लांब ढांगा टाकत, शांतपणे चालणारा घोडा तयारीत असतो. मानेवर आणि मागच्या पायांच्या मध्ये पांढरा फेस आला असेल, घोडा सारखा बुजत असेल, तर त्याची ताकद शर्यतीआधीच खर्ची पडते आहे. घंटा वाजली की जॉकी स्वार होतात आणि घोडे मैदानाकडे निघतात.

पैसे लावताना

अठरा वर्षांखालच्यांना पैसे लावता येत नाहीत. बुकी फलकावर भाव लावतात. ५-१ भावाच्या घोड्यावर ५ पौंड लावले आणि तो जिंकला, तर २५ पौंड नफा आणि मूळचे ५ परत मिळतात. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटणी होते. महालक्ष्मीला जाणाऱ्यांना ही पद्धत परिचयाची आहे. नवख्यांना 'ईच वे' सोयीचा. त्यात निम्मे पैसे घोडा जिंकण्यावर आणि निम्मे तो पहिल्या काहींत येण्यावर लागतात. १०-१ भावाच्या घोड्यावर ५-५ पौंड लावले, जागेचा, म्हणजे पहिल्या काहींत येण्याचा, भाव जिंकण्याच्या भावाच्या पंचमांश असला आणि घोडा दुसरा आला, तर जिंकण्यावरचे ५ बुडतात, जागेवरच्या ५ पौंडांचे १५ होतात. म्हणजे १० पौंड लावून हाती १५ येतात.

गटासाठी टोटचा प्लेसपॉट सर्वांत रंगतदार. पहिल्या सहा शर्यतींपैकी प्रत्येकीत आपला घोडा पहिल्या काहींत यावा लागतो. प्रत्येक शर्यतीत दोन घोडे निवडले तर ६४ जोड्या होतात. जोडीला एक पौंड धरला तर ६४ पौंड, म्हणजे सोळा जणांत माणशी चार. सगळे एकाच बाजूचे होतात आणि दुपारभर मिळून ओरडतात. पैसे लावायचेच नसतील तर घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून मुलांनाही सामील करून घेता येते. दिवसाची रक्कम घरूनच ठरवून न्यावी आणि ती संपली की थांबावे.

शर्यत कुठून पाहावी

एक शर्यत स्टँडवरून पाहावी म्हणजे डावपेच कळतात. एक शेवटच्या अडथळ्याजवळ. आणि एक, परवानगी असेल तिथे, दूरच्या अडथळ्यापाशी कठड्याला टेकून. तिथे आधी जमीन थरथरते, मग टापांचा आवाज येतो. उडीआधी जॉकी घोड्याला साद घालतात, पोटे काटक्यांना घासल्याचा सपकारा ऐकू येतो आणि पाच सेकंदांत सगळे पुढे निघून जातात. या खेळाचे वेड लोकांना का लागते, ते त्या पाच सेकंदांत कळते.

तिथेच धोकाही दिसतो. घोडे पडतात, जॉकी जखमी होतात आणि कधी घोड्याचा जीवही जातो. गटाला, विशेषतः मुलांना, याची कल्पना आधी द्यावी. पशुवैद्य आणि डॉक्टर शर्यतीमागून गाडीने येतात. घोडा उठला नाही तर भोवती पडदे लावतात आणि पुढच्या फेरीत तो अडथळा वगळतात. २०२४ पासून ग्रँड नॅशनलमधल्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली आहे आणि सुरुवातीचा वेग आटोक्यात राहावा म्हणून पहिला अडथळा ६० यार्ड अलीकडे आणला आहे.

दिवसाचे वेळापत्रक आणि त्यानंतर

हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून पहिली शर्यत दुपारी बाराच्या पुढेमागे सुरू होते. तासभर आधी पोचावे, भेटायची एक जागा ठरवावी आणि जेवण दुसऱ्या शर्यतीच्या आत उरकावे. शेवटची शर्यत चारच्या सुमारास संपते. जिंकलेले पैसे घेऊन आणि परतीची गर्दी ओसरू देऊन निघाले, तर गट एकत्र राहतो. आवड लागलेल्यांना पुढची पायरीही आहे. हौशी स्वारांच्या पॉइंट-टू-पॉइंट शर्यती शेतांवर होतात आणि त्यांचा खर्च कमी असतो. परंपरेने गुड फ्रायडेला बर्कशरमधल्या लॅम्बोर्न गावातल्या ट्रेनरांच्या पागा लोकांसाठी उघडतात, तेव्हा शर्यतीत पाहिलेले घोडे त्यांच्या ठाणावर पाहता येतात.